पासवर्ड न देता परवानगी: ओऑथ कसं लावायचं आणि अडलं तर कुठे बघायचं

‘साइन इन विथ गूगल’ हे बटण तुम्ही आत्तापर्यंत किती ॲप्समध्ये दाबलंय, आठवतंय का? गेम, नोट्सचं ॲप, पीडीएफ एडिटर, नोकरीची साइट... बटण दाबायचं, आपला ईमेल निवडायचा, ‘अलाउ’ म्हणायचं आणि पुढे जायचं. पण त्या एका टॅपमध्ये आपण ॲपला नेमकं काय दिलं, ते किती दिवस चालतं आणि परत कसं घ्यायचं, हे फार कमी जणांना माहीत असतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन सिस्टिम एकमेकांना जोडणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रोजेक्ट घेऊन येतात, तेव्हा बऱ्याच जणांचं गाडं इथेच अडलेलं असतं. म्हणून या लेखात दोन्ही बाजू घेतोय: ॲप बनवणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवू. कॉलेजचं टाइमटेबल वाचून विद्यार्थ्याच्या गूगल कॅलेंडरमध्ये लेक्चर टाकणारं एक वेब ॲप, जे मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडतं.

एटीएम कार्ड की चेक?

समजा तुम्हाला भावाकडून बँकेतले ५,००० रुपये काढून हवे आहेत. एक मार्ग म्हणजे त्याला एटीएम कार्ड द्यायचं आणि पिन सांगायचा. काम होईल. पण मग तो जास्त रक्कमही काढू शकतो, शिल्लक बघू शकतो आणि उद्या, परवा पुन्हा जाऊ शकतो. त्याला थांबवायचं तर पिनच बदलावा लागेल.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच्या नावाने ५,००० चा चेक लिहायचा. नाव ठरलेलं, रक्कम ठरलेली, सही तुमची. तीन महिन्यांत वटवला नाही तर चेक बाद. मध्येच विचार बदलला तर बँकेला ‘स्टॉप पेमेंट’ सांगता येतं. आणि पिन तुमच्याकडेच राहतो.

ओऑथ म्हणजे हा चेक. तुमच्या वतीने, ठरावीक काम, ठरावीक काळासाठी करण्याची परवानगी, तीही पासवर्ड न देता.

पूर्वी असं नव्हतं. साधारण २००५-०६ च्या काळात ‘तुमचे मित्र शोधा’ म्हणणाऱ्या साइट्स सरळ ईमेलचा पासवर्ड मागायच्या आणि लोक द्यायचेही. यावर उपाय म्हणून २००६ च्या शेवटी ट्विटर आणि इतर काही ठिकाणच्या इंजिनिअरांनी एकत्र येऊन काम सुरू केलं आणि २००७ मध्ये ओऑथ १.० आलं. आज आपण वापरतो ते ओऑथ २.० ऑक्टोबर २०१२ मध्ये आरएफसी ६७४९ या नावाने प्रसिद्ध झालं. गूगल, मायक्रोसॉफ्ट, गिटहब, स्पॉटिफाय सगळे तेच वापरतात. आपलं डिजिलॉकरसुद्धा बाहेरच्या ॲपला तुमची कागदपत्रं देताना ओऑथ २.० च वापरतं.

आधी शब्द समजून घेऊ

क्लायंट: परवानगी मागणारं ॲप, म्हणजे चेक घेऊन जाणारा भाऊ. आपल्या उदाहरणात टाइमटेबलचं ॲप.

ऑथरायझेशन सर्व्हर: तुमची ओळख पटवून, तुमची संमती घेऊन टोकन देणारा. आपल्या उदाहरणात गूगलचं लॉगिन पान.

रिसोर्स सर्व्हर: जिथे तुमचा डेटा आहे ती जागा. इथे गूगल कॅलेंडर.

स्कोप: चेकवरची रक्कम. ‘फक्त इव्हेंट बघणे’ हा एक स्कोप, ‘इव्हेंट टाकणे आणि बदलणे’ हा दुसरा.

ॲक्सेस टोकन: प्रत्यक्ष काम करणारी चिठ्ठी. याला ‘बेअरर टोकन’ म्हणतात आणि ते बेअरर चेकसारखंच असतं: ज्याच्या हातात, त्याचं काम होतं. कुणी आणलं हे विचारलं जात नाही. म्हणून त्याचं आयुष्य मुद्दाम कमी ठेवतात. गूगलचं टोकन साधारण एक तास चालतं.

रिफ्रेश टोकन: तासाभराने नवीन ॲक्सेस टोकन मागण्यासाठीचं, जास्त दिवस टिकणारं टोकन. खरी जोखीम याच्यात असते.

रीडायरेक्ट यूआरआय: परवानगी मिळाल्यावर गूगलने तुम्हाला परत कुठे पाठवायचं तो पत्ता.

पडद्यामागे काय घडतं

१. तुम्ही बटण दाबता. ॲप तुम्हाला गूगलच्या पानावर पाठवतं. सोबत ॲपची ओळख, स्कोप, परतीचा पत्ता आणि ‘स्टेट’ नावाचा एक यादृच्छिक आकडा जातो.

२. तुम्ही गूगलच्या पानावर लॉगिन करता. पासवर्ड टाइप करावा लागला तरी तो गूगललाच दिसतो, ॲपला नाही.

३. गूगल विचारतं, ‘या ॲपला अमुक करू द्यायचं का?’ तुम्ही हो म्हणता.

४. गूगल तुम्हाला परतीच्या पत्त्यावर पाठवतं आणि सोबत एक छोटा कोड देतं. हा कोड एकदाच वापरता येतो आणि लवकर बाद होतो. ओऑथच्या नियमांत त्यासाठी जास्तीत जास्त १० मिनिटांची शिफारस आहे.

५. ॲपचा सर्व्हर हा कोड आणि स्वतःचं गुपित, म्हणजे क्लायंट सीक्रेट, गूगलला पाठवतो आणि टोकन घेतो.

६. आता ॲप ते टोकन दाखवून कॅलेंडरमध्ये लेक्चर टाकतं.

पाचवी पायरी कशासाठी, थेट टोकनच का देत नाहीत? कारण चौथी पायरी ब्राउझरच्या पत्त्यातून जाते. तो पत्ता हिस्टरीत राहतो, कधी दुसऱ्या ॲपच्या हातीही लागू शकतो. कोड चोरीला गेला तरी सीक्रेटशिवाय त्याचा उपयोग होत नाही. मोबाइल ॲपमध्ये मात्र सीक्रेट लपवता येत नाही, कारण एपीके फाइल कुणीही उघडून बघू शकतो. त्यासाठी २०१५ मध्ये ‘पिक्सी’ नावाची जोड आली. ॲप दर वेळी एक नवीन गुपित तयार करतं, सुरुवातीला त्याचा फक्त हॅश पाठवतं आणि टोकन घेताना मूळ गुपित दाखवतं. दोन्ही जुळले तरच टोकन मिळतं. आता वेब ॲपलाही पिक्सी लावण्याचीच शिफारस आहे.

ॲपमध्ये ओऑथ कसं लावायचं

१. गूगल क्लाउड कन्सोलमध्ये नवीन प्रोजेक्ट बनवा आणि कॅलेंडर एपीआय ‘एनेबल’ करा. ही पायरी राहिली तर पुढचं सगळं बरोबर असूनही शेवटी ४०३ येतो.

२. कन्सेंट स्क्रीन भरा: ॲपचं नाव, सपोर्टचा ईमेल आणि वापरणारे कोण. सगळ्यांसाठी असेल तर ‘एक्स्टर्नल’ निवडा. ॲप ‘टेस्टिंग’मध्ये असेपर्यंत ज्यांचे ईमेल तुम्ही टेस्ट यूजर म्हणून टाकाल त्यांनाच आत येता येतं. त्यांची मर्यादा १०० आहे.

३. स्कोप निवडताना हात आखडता घ्या. आपल्याला लेक्चर टाकायची आहेत, म्हणजे इव्हेंट लिहिण्याचा स्कोप पुरे. अख्खं कॅलेंडर शेअर किंवा डिलीट करण्याची ताकद कशाला मागायची? जीमेल वाचण्यासारखे स्कोप ‘रिस्ट्रिक्टेड’ गटात येतात आणि त्यांची तपासणी फार कडक असते.

४. क्लायंट आयडी तयार करा. प्रकार ‘वेब ॲप्लिकेशन’. इथेच रीडायरेक्ट यूआरआय नोंदवायचा. त्यात एचटीटीपीएस लागतं, सूट फक्त लोकलहोस्टला. वायफायचा १९२.१६८ वाला आयपी पत्ता इथे चालत नाही. मग फोनवर टेस्ट कसं करायचं? फोनमध्ये ‘लोकलहोस्ट’ म्हणजे फोन स्वतः, लॅपटॉप नाही. त्यासाठी केबल लावून ‘एडीबी रिव्हर्स’ कमांडने फोनचा पोर्ट लॅपटॉपच्या पोर्टला जोडा, काम होतं.

५. क्लायंट सीक्रेट सर्व्हरवरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. गिटहबवर टाकू नका. चुकून गेलंच तर फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ते राहतंच. नवीन सीक्रेट बनवून जुनं बंद करा.

६. विनंती पाठवताना ‘ॲक्सेस टाइप’ची किंमत ‘ऑफलाइन’ ठेवा, नाहीतर रिफ्रेश टोकन मिळत नाही. परत आल्यावर ‘स्टेट’ तोच आहे का ते तपासा. नसेल तर ती विनंती सरळ नाकारा.

७. रिफ्रेश टोकन डेटाबेसमध्ये एन्क्रिप्ट करून ठेवा. कन्सोलवर किंवा लॉगमध्ये छापू नका.

एरर आली तर कुठे बघायचं

कोड पुन्हा लिहायला घेण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. ओऑथच्या बहुतेक एरर लॉजिकच्या नसतात, जुळणीच्या असतात. तुम्ही कन्सोलमध्ये नोंदवलेलं आणि विनंतीत पाठवलेलं एकमेकांशी जुळत नाही. चेकवरची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळली नाही की चेक परत येतो, तसंच. शिवाय कन्सोलमधला बदल लागू व्हायला पाच मिनिटांपासून काही तासही लागू शकतात, त्यामुळे दर मिनिटाला नवीन बदल करत बसू नका.

‘रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच’, ४००: परतीचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळायला हवा. एचटीटीपी की एचटीटीपीएस, शेवटी तिरकी रेघ आहे की नाही, पोर्ट ३००० की ५०००, पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे का, हे चार तपासा. अंदाज बांधू नका, विनंतीत प्रत्यक्ष गेलेला पत्ता एररच्या तपशिलातून कॉपी करा आणि कन्सोलमध्ये तोच टाका. होस्टिंगवर टाकल्यावर अचानक ही एरर आली, तर प्रॉक्सीमुळे तुमचा सर्व्हर स्वतःला एचटीटीपी समजत असण्याची शक्यता असते.

‘इनव्हॅलिड क्लायंट’, ४०१: आयडी किंवा सीक्रेट चुकलंय. कॉपी करताना शेवटी स्पेस आली का, दुसऱ्याच प्रोजेक्टचं सीक्रेट लावलंय का, ते बघा.

‘ॲक्सेस डिनाइड’, ४०३: ॲप टेस्टिंगमध्ये आहे आणि त्या व्यक्तीचा ईमेल यादीत नाही. फोनमध्ये दोन-तीन अकाउंट असतात, भलतंच निवडलं जातं.

‘ॲडमिन पॉलिसी एनफोर्स्ड’: कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या ईमेलवर हे दिसतं. तिथल्या ॲडमिनने बाहेरच्या ॲपना किंवा त्या स्कोपला बंदी घातलेली असते. तुमच्या कोडने हे सुटणार नाही. ॲडमिनला सांगा किंवा वैयक्तिक अकाउंट वापरा.

‘डिसअलाउड यूजर एजंट’, ४०३: वेबसाइट वेबव्ह्यूमध्ये गुंडाळून एपीके बनवलं की हमखास येते. वेबव्ह्यू ज्या ॲपचा, त्याला आत टाइप केलेला पासवर्ड वाचता येऊ शकतो, म्हणून गूगल तिथे लॉगिन करू देत नाही. लॉगिनपुरतं क्रोम कस्टम टॅब उघडा. तुम्ही वापरणारे असाल आणि एखाद्या सोशल मीडिया ॲपमधल्या लिंकवर ही एरर दिसली, तर मेनूमधून ती लिंक क्रोममध्ये उघडा.

‘इनव्हॅलिड ग्रँट’: सगळ्यात जास्त छळणारी, कारण कारणं अनेक आणि संदेश एकच. लगेच आली तर: कोड दोनदा वापरला गेला (पान रीफ्रेश केलं की असं होतं), कोडची मुदत संपली, किंवा पिक्सीचं गुपित जुळलं नाही. काही दिवसांनी आली तर: यूजरने परवानगी काढून घेतली, टोकन सहा महिने वापरलंच नाही, किंवा एका अकाउंटसाठी त्याच क्लायंट आयडीवर १०० पेक्षा जास्त रिफ्रेश टोकन झाली आणि जुनं बाद झालं.

यातलंच एक कारण वेगळं सांगतो, कारण त्याने प्रोजेक्ट बुडतात. एक्स्टर्नल ॲप ‘टेस्टिंग’मध्ये असेल तर गूगलचं रिफ्रेश टोकन सात दिवसांत संपतं. फक्त नाव, ईमेल आणि प्रोफाइल मागणाऱ्या ॲपला हा नियम नाही, पण कॅलेंडरला आहे. म्हणजे एका सोमवारी चालणारा डेमो पुढच्या सोमवारी परीक्षकांसमोर बंद पडतो, मधे कोडला कुणी हातही लावलेला नसतो. उपाय दोन: डेमोच्या सकाळी पुन्हा साइन इन करा, किंवा ॲप ‘इन प्रॉडक्शन’ करा. पडताळणी झाली नसेल तर धोक्याचा इशारा दिसतो आणि १०० यूजरची मर्यादा राहते, पण प्रोजेक्टला तेवढं पुरतं.

रिफ्रेश टोकन येतच नाही: ते सहसा पहिल्या संमतीच्या वेळीच मिळतं. तुम्ही आधी एकदा ‘अलाउ’ केलेलं असतं, तेव्हाचं टोकन साठवलेलं नसतं. ‘प्रॉम्प्ट’ची किंमत ‘कन्सेंट’ ठेवून पुन्हा संमती मागा.

टोकन आहे तरी ४०३: ४०१ म्हणजे टोकन संपलं किंवा चुकीचं आहे. ४०३ म्हणजे टोकन चालू आहे, पण या कामाची परवानगी नाही. गूगलच्या स्क्रीनवर यूजर काही खुणा काढून टाकू शकतो. म्हणून टोकनसोबत कोणते स्कोप मिळाले ते वाचा, मागितले तेवढे मिळालेच असं धरून चालू नका.

अँड्रॉइडवर ‘कोड १०’: पॅकेजचं नाव किंवा एसएचए-१ जुळत नाही. लॅपटॉपवरून चालतं आणि प्ले स्टोअरवरून उतरवलं की बंद, असं असेल तर कारण बहुधा एकच: प्ले स्टोअर ॲपवर स्वतःकडच्या वेगळ्या कीने सही करतं. प्ले कन्सोलमधून तो एसएचए-१ घेऊन त्यासाठी वेगळा अँड्रॉइड क्लायंट आयडी बनवा.

लॉगिन वेगळं, परवानगी वेगळी

‘हा कोण आहे’ आणि ‘याच्या वतीने काय करता येईल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ओऑथ फक्त दुसऱ्याचं उत्तर देतं. पहिल्यासाठी त्यावर २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्ट आलं, ज्यात ‘आयडी टोकन’ मिळतं. ॲक्सेस टोकन हातात आहे म्हणजे समोरचा तोच, असं मानू नका. भाऊ चेक घेऊन आला म्हणजे तो खातेदार होत नाही. लॉगिनसाठी आयडी टोकनच वापरा आणि ते तुमच्याच क्लायंट आयडीसाठी दिलेलं आहे ना, ते तपासा.

तुम्ही फक्त वापरणारे असाल तर

३ मे २०१७ ला अनेकांना ओळखीच्या माणसाकडून ‘गूगल डॉक’ शेअर केल्याचा मेल आला. लिंक दाबली की खरंच गूगलचंच पान उघडायचं. पत्ता खरा, लॉगिन खरं. खोटं होतं ते फक्त परवानगी मागणारं ॲप, ज्याने स्वतःचं नावच ‘गूगल डॉक्स’ ठेवलं होतं आणि जे जीमेल व कॉन्टॅक्ट्स मागत होतं. ‘अलाउ’ म्हटलं की तोच मेल तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना जायचा. गूगलने साधारण तासाभरात ते बंद केलं. पासवर्ड कुणाचाच चोरला गेला नव्हता. ओटीपी लावलेला असता तरी उपयोग नव्हता, कारण लोकांनी स्वतः सही करून चेक दिला होता.

म्हणून संमतीच्या स्क्रीनवर तीन गोष्टी वाचा. कोण मागतंय? काय मागतंय? आणि त्याच्या कामाला ते लागतं का? टाइमटेबलच्या ॲपने कॅलेंडर मागणं ठीक. टॉर्चच्या ॲपने जीमेल मागितलं तर मागे फिरा. आणि ॲपने गूगलचा पासवर्ड स्वतःच्याच चौकटीत टाइप करायला सांगितला तर ते ओऑथ नाहीच, ते एटीएम कार्ड आणि पिन मागणं झालं.

आता तीन गैरसमज. ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे परवानगी गेली, असं नाही. रिफ्रेश टोकन ॲपच्या सर्व्हरवर असतं, तुमच्या फोनमध्ये नाही. पासवर्ड बदलला म्हणजे सगळं बंद झालं, असंही नाही. गूगलमध्ये त्याने जीमेलचे स्कोप असलेली रिफ्रेश टोकन बाद होतात, बाकीची चालू राहू शकतात. आणि परवानगी काढली म्हणजे आधी नेलेला डेटा परत आला, असंही नाही. पुढचं थांबतं, मागचं हवं तर ॲपवाल्याला डेटा डिलीट करायला सांगावं लागतं.

परवानगी काढायची जागा अशी: फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, तिथे ‘मॅनेज युअर गूगल अकाउंट’, मग सिक्युरिटी विभाग आणि त्यात थर्ड पार्टी ॲप्सच्या कनेक्शनची यादी. एकेक नाव उघडा, त्याला काय काय दिलंय ते दिसेल. ओळखीचं नसेल किंवा वापरात नसेल तर कनेक्शन काढून टाका. चुकून कामाचं काढलं गेलं तरी बिघडत नाही, ते ॲप पुढच्या वेळी पुन्हा विचारेल.

ही यादी पाच मिनिटांत तपासून होते. ‘स्टॉप पेमेंट’ची सोय तुमच्याच हातात आहे, पण चेक कुणाकुणाला दिलेत ते आधी माहीत हवं. लेख बंद करून आजच ती यादी एकदा उघडा.